खानापूरचं रक्त

माणसाचं रक्त चांगलं की वाईट, हे आमच्या आत्याला नुसतं तोंड बघून कळायचं. त्यासाठी तिला सुई लागत नव्हती की काच लागत नव्हती. पुढे बंगळूरला मी ज्या प्रयोगशाळेत नोकरीला लागले तिथे एवढ्याच कामासाठी शिकलेली माणसं आणि महागडी यंत्रं ठेवलेली बघितली, तेव्हा मला आत्याची फार आठवण यायची. प्रेमानं नव्हे.

आत्या म्हणजे माझ्या आप्पांची थोरली बहीण, गुंद गावात दिलेली. माझी अक्का तिच्याच मुलाला दिली. आमच्याकडे मुलीवर पहिला हक्क आत्याच्या मुलाचा; तिला विचारायची पद्धत नाही, नारळ घेऊन येतात आणि तारीख सांगून जातात. त्यामुळे सासू आणि सून दोघींचं माहेर एकच झालं. आमचं मूळ घर जुन्या सुप्यातलं. धरणाचं पाणी चढलं तेव्हा ते बुडालं आणि आम्ही रामनगरला येऊन राहिलो. बुडालेल्या माहेराबद्दल आत्या वाकडा शब्द ऐकून घेत नसे. घरात काही बिघडलं की सुनेच्या माहेराचा उद्धार करायची जी सोय बाकीच्या सासवांना असते, ती तिला नव्हती. तिनं त्यावर तोड काढली. दोष अक्काचा नाही, अक्काच्या आईचा. माझी आई खानापूरकडची, बाहेरून आलेली, तेव्हा जे काही वाईट ते सगळं खानापूरचं.

अक्काचा पहिला मुलगा जन्मल्यावर दोन-तीन दिवसांत पिवळाधमक पडला आणि बारशाआधीच गेला. आत्या रडली, डोळे पुसले आणि आईकडे बघून म्हणाली, "खानापूरचं रक्त हाय ते. भाची माझीच, पर दूध ह्या बाईचं प्यालीया न्हवं."

त्या दिवसापासून आईला गुंदच्या घराचा उंबरा बंद झाला. यायचं तर खळ्यापर्यंत, म्हणजे पुढच्या अंगणापर्यंत यायचं, काय द्यायचं ते तिथंच ठेवायचं आणि पोराबाळांना हात लावायचा नाही. आईनं पाठवलेले डिंकाचे लाडू आत्या म्हशीपुढे टाकायची. म्हशीला कधी काही झालं नाही, हे मात्र त्या घरात कुणाच्या लक्षात आलं नाही. माझे भावजी माडाएवढे उंच आणि धिप्पाड, पण आत्यासमोर त्यांच्या तोंडातून "व्हय"शिवाय शब्द फुटत नसे.

दुसरा मुलगा चांगला दणकट निघाला. पळायचा, गुरांच्या मागे शीळ घालायचा. चार वर्षांचा असताना त्याला हिवताप आला. आमच्या तालुक्यात हिवतापाचं कुणाला नवल नव्हतं. मलेरियाचा माणूस घरोघर फिरून बोटाचं रक्त काचेवर घ्यायचा आणि गोळ्या द्यायचा. गावानं त्याच गोळ्या खाल्ल्या आणि गाव बरं झालं. ह्या पोराचा ताप उतरला आणि लघवी काळी झाली, कोऱ्या कॉफीसारखी. डोळे पिवळे, ओठ पांढरे. आई तेव्हा तिथे होती, म्हणजे खळ्यात. जीप मिळाली, पण जोयड्याच्या दवाखान्यात पोचेपर्यंत पोर गेलं होतं. गोळ्या देणाऱ्याला मी बोल लावत नाही. असलं काही आधी तपासून बघतात हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

आत्यानं मात्र काही तपासायची गरज ठेवली नाही. "दोन खाल्ली तिनं," ती येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची. तिसरा मुलगा झाला तेव्हा खुद्द अक्कानं निरोप धाडला, "आई, ह्या खेपंला तू खळ्यातबी येऊ नगो." आईनं बाळाचं झबलं शिवून ठेवलं होतं. ते तिनं शेजारणीच्या नातीला देऊन टाकलं.

मी तोवर शिकून बंगळूरला गेले होते. माझं काम हलकंच, नळ्या धुवायच्या, द्रावणं करायची, सरांनी सांगितलेल्या नमुन्यांवर चिठ्ठ्या लावायच्या. नव्वदचं दशक निम्मं उलटलं आणि आमच्याकडचा एक कॉम्प्युटर टेलिफोनच्या तारेनं जगाला जोडला गेला. एकदा सर नव्या मुलांना तांबड्या पेशींमधल्या एका प्रोटीनबद्दल सांगत होते. ते बिघडलेलं असलं तर एखादं बाळ जन्मल्याबरोबर पिवळं पडतं; एरवी माणूस ठणठणीत असतो, पण हिवतापाची ठराविक गोळी पोटात गेली की पेशी फुटतात आणि लघवी काळी होते. माझ्या हातातली नळी खाली पडली. सरांना वाटलं, मी वेंधळी आहे.

त्यांना सगळं सांगितल्यावर त्यांनी मला कॉम्प्युटरसमोर बसवलं. परदेशातल्या लोकांनी माणसाच्या प्रोटीनांची एक मोठी नोंद करून सगळ्यांसाठी उघडी ठेवली होती. प्रोटीनचं नाव घातलं की पान यायचं, तेही ओळ-ओळ करत, मध्येच तार तुटायची आणि पुन्हा पहिल्यापासून. पानावर इंग्रजी अक्षरांची लांबलचक माळ. हे प्रोटीन ज्या कणांचं बनतं त्यातल्या एकेका कणाला एकेक अक्षर. खाली बिघाडांची यादी: अमुक जागेवर हे अक्षर असायला हवं, त्याऐवजी काही माणसांत ते असतं, इथं बदललं तर फारसं बिघडत नाही, तिथं बदललं तर माणूस जिवाला मुकू शकतो. पाचशेच्या वर अक्षरं, आणि त्यातलं एक चुकलं तर एक पोर. मी ती यादी खाली-खाली सरकवत राहिले. बहुतेक बिघाडांना जिथं ते सापडले त्या जागांची नावं दिलेली होती, कुठलं शहर, कुठला समुद्र, आपल्याकडचा मुलूखही त्यात होता. म्हणजे जगातले मोठमोठे शास्त्रज्ञ आमच्या आत्याच्याच जातीचे निघाले. वाईट रक्त दिसलं की त्याला गावाचं नाव ठोकायचं. मी एकटीच मोठ्यानं हसले.

मला त्या पानावर एकच गोष्ट शोधायची होती, की हा बिघाड आत्याच्या घरचा आहे. भावजींचा आहे. एकदा ते सापडलं की मी गुंदच्या खळ्यात उभी राहून गावाला ऐकू जाईल असं ओरडणार होते. पण पान म्हणत होतं की मुलाला हे येतं ते फक्त आईकडून. बापाचा संबंधच नाही. म्हणजे अक्काकडून आलं. आणि अक्काला कुणाकडून? आत्याचंच खरं ठरत होतं. माझ्या डोक्यात तिडीक गेली. समुद्रापलीकडच्या लोकांनी आमच्या आत्याला दुजोरा द्यावा, तोही एवढी मेहनत करून!

सर शांतपणे म्हणाले, "तुझ्या बहिणीनं हे आईकडून घेतलं असेल किंवा वडिलांकडून. मुलीला दोघांकडून मिळतं. हे पान तुला तुझं घर सांगणार नाही. रक्त आण."

सुट्टीत रामनगरला गेले आणि आई-आप्पा दोघांचं रक्त काढलं. आईनं कशाला म्हणून विचारलं नाही, हात पुढे केला, आणि झाल्यावर चुलीकडे निघून गेली. आप्पा दंडाला रबर बांधताना म्हणाले, "त्या पोराच्या लघवीचं बघाय न्हेतीस काय? मलाबी झालतं की तसं."

"कधी?"

"धरणाच्या कामावर हुतो तवा. गोळ्या दिल्त्या सगळ्यांस्नी. कोऱ्या च्यागत झाली. डोळं पिवळं. कामावर जाता येईना, पडूनच हुतो."

"मग इतक्या वर्षांत बोलला का नाही?"

"कुणी इचारलं?"

"आत्याला माहीत होतं?"

"हाय की. तिनंच पाला वाटून पाजला न्हवं." त्यांनी दंडावरचा कापूस काढून बघितला आणि रक्त थांबलंय म्हणून खाली टाकला. माझ्या जन्मदात्याचा एवढा राग मला त्याआधी कधी आला नव्हता, आणि नंतर तो कधी गेलाही नाही.

सरांनी दोघांच्या रक्तातली अक्षरं वाचली. आईची सगळी जागच्या जागी होती. आप्पांचं एक बदललेलं, आणि ते बरोबर यादीतल्या एका ओळीत बसत होतं. बापाचं बिघडलेलं असलं की ते त्याच्या प्रत्येक मुलीत उतरतं, त्यातून सुटका नाही. म्हणजे अक्कात. म्हणजे माझ्यातही. पण माझं मी तेव्हा मनावर घेतलं नाही. मला गुंदची गाडी पकडायची घाई होती.

आत्या ओटीवर तांदूळ निवडत बसली होती. तिसरा नातू तिच्या पाठीवर लोंबकळत होता. मी उंबरा ओलांडून आत गेले आणि उभ्या-उभ्याच सांगितलं, "आत्या, ते रक्त खानापूरचं नाही. सुप्याचं आहे. आप्पांना ते तुझ्या आईकडून आलं. आईच्या रक्तात काहीच नाही. आणि आप्पांची लघवी काळी झालेली तू तुझ्या डोळ्यांनी बघितलीस."

मला वाटलं होतं, ती ओरडेल, मला हाकलून देईल. तिनं सूप खाली ठेवलं.

"व्हय? आमचंच म्हण की ते," ती म्हणाली, आणि तिचं तोंड चक्क उजळलं. "मग त्यात काय एवढं? आमच्यात पैल्यापासनं हायच. माझा थोरला भाऊबी असाच पिवळा हून गेला. एकेका घराण्याला देवाची खूण असती."

इतकी वर्षं जे विष होतं, त्याची एका घटकेत देवाची खूण झाली. कारण ते तिचं निघालं.

"मग आता आईला घरात घे," मी म्हणाले.

"घिऊ की. कोण नगो म्हणतंय? खरं येक सांग, इतक्या वर्सांत ती कवा आत आली काय? आमी म्हणू काय बी. सख्खा नातू मराय लागला तरी उंबरा वलांडला न्हाई त्या बाईनं. काळीज हाय काय तिला?"

अक्का दाराआड उभी होती. तिच्याकडे बघून मी निदान एवढं तरी बजावलं, की ह्या पोराचं रक्त तपासल्याशिवाय हिवतापाची ती गोळी त्याला द्यायची नाही, मलेरियाच्या माणसाला तसं आधीच सांगायचं. तिनं मान हलवली आणि हळूच म्हणाली, "आता लई बोलू नगो. मला हितं ऱ्हायाचं हाय." मी निघाले तशी आत्यानं मागून विचारलं, "तुझ्यातबी असंल न्हवं ते? मग तुला कोण करून घेणार? घरातलंच येकादं बघाय पायजे."

रामनगरला पोचले तेव्हा दुपार टळत होती. आई चुलीपुढे भाकऱ्या थापत होती. मी तिच्यापुढे बसले आणि एखादी लढाई जिंकून आल्यासारखं सगळं सांगितलं. आत्यानं शेवटी काय विचारलं तेही सांगितलं, कारण मला वाटलं, आता तरी ही बाई संतापेल, आत्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करील, निदान आप्पांच्या अंगावर धावून जाईल. तिनं तव्यावरची भाकरी उलटली.

"म्हंजे माझ्या हातानं काय झालं नसतं?" तिनं विचारलं.

"काहीच नाही. तुझा संबंधच नव्हता."

"मी त्यास्नी उचलून घेतलं असतं तरी?"

"तरीसुद्धा, आई."

तिनं पिठाचा पुढचा गोळा घेतला. मग म्हणाली, "दुसऱ्याची लघवी काळी झाली, तवा घरात कोण नव्हतं. वन्सं जीप बघाय गेलत्या, अक्का मागं परड्यात कापडं धूत हुती. दार उघडंच. त्यो आंथरुणातनं उठून रांगत उंबऱ्यापातूर आला. आज्जी, उचल म्हणाला." तिनं हाताचं पीठ परातीत झाडलं. "मला कुणी अडवलं न्हाई. माझं रक्त लागंल म्हणून मीच मागं सरले. त्यो उंबरा उतरून खळ्यात आला. तशी मी आनी मागं सरले. शेवटाला त्यो तितंच मातीत बसला."

बाहेरून आप्पांनी जेवायला वाढणार का म्हणून हाक मारली. आई उठली, ताट घेतलं आणि त्यांना वाढून आली.