पुरावाबाईंची चाचणी

दूध उतू जायच्या बेतात होतं आणि समोरच्या घरात राहणारा बाईंचा थोरला भाऊ, दादा, रोजच्यासारखा चहाला येऊन बहिणीची फिरकी घेत बसला होता, तेवढ्यात दार वाजलं.

"जा, तुझा पुरावा आला वाटतं," दादा म्हणाला.

बाईंनी गॅस बंद केला. जन्मभर त्यांनी इस्पितळात नव्या औषधांच्या चाचण्या घेतल्या होत्या. औषध अर्ध्यांना द्यायचं, अर्ध्यांना नाही. कोणाला काय मिळालं ते तपासणाऱ्याला कळू द्यायचं नाही. गुण आला की नाही ते मग बोलायचं. निवृत्तीनंतर ही खोड त्यांनी थेट नगरसभेत नेली. घरातल्या बंदुका भिंतीत पक्क्या बसवलेल्या पेटीत कुलूपबंद ठेवायचा कायदा येऊ घातला होता. कोणी म्हणे पोरं वाचतील, कोणी म्हणे सगळं थोतांड.

"खोकल्याचं औषधसुद्धा आपण तावूनसुलाखून घेतो," बाई भर सभेत म्हणाल्या. "पेट्या तशाही सगळ्यांना एकदम पुरायच्या नाहीत. चिठ्ठ्या टाका. अर्ध्या वस्त्यांना आधी, उरलेल्यांना नंतर. आणि जखमी मोजणाऱ्यांना वस्तीचं नाव सांगू नका."

सभा खो खो हसली. तेव्हापासून त्या 'पुरावाबाई'. पण एकेकाला गाठून, चहा पाजून, त्यांनी सभेला राजी केलंच.

आणि चिठ्ठीत नेमकी त्यांचीच वस्ती मागे राहिली. दादाची शिकारीची बंदूक कपाटावर, तीही भरलेली. त्याची नात हल्ली खुर्चीवर खुर्ची रचायला शिकली होती. बाईंनी स्वतः पेटी आणून दिली, ती त्याच्या अंगणात गंजत पडली.

"पुरावा येईपर्यंत छातीठोक बोलायचं नाही, हे तुझंच ना? मग मीही थांबतो," दादा म्हणायचा. ते आठवून बाईंना रात्री झोप लागत नसे.

दारात सभापतीणबाई उभ्या होत्या, जिना चढून धापा टाकत. "पुरावाबाई, निकाल लागला!"

"मोजणाऱ्यांना वस्त्या कळल्या नव्हत्या ना?"

"नाही हो, आधी ऐका तरी! कुलपाच्या वस्त्यांत पोरांना गोळी लागणं निम्म्यावर आलंय. योगायोग म्हणायला जागाच नाही. कायदा आता सगळीकडे लागू!"

"आणि बंदूक घेणाऱ्यांना सुरक्षिततेचं व्याख्यान द्यायचं कलम होतं, त्याचं काय? त्याच्या वेगळ्या चिठ्ठ्या टाकल्या होत्या."

सभापतीणबाई चाचरल्या. ती कल्पना बाईंची स्वतःची होती. "त्याचा... काडीचा उपयोग झाला नाही."

बाईंनी टाळीच वाजवली. "मग काढून टाका ते कलम! माझंसुद्धा खोटं पाडलं म्हणजे चाचणी चोख झाली!"

तिघंही हसली. जिन्यात शेजारीपाजारी जमले, कोणीतरी "पुरावाबाई जिंदाबाद" ओरडलं आणि या खेपेला त्यात टिंगल नव्हती. बाई पदराने डोळे टिपत आत वळल्या.

दादाने दोन्ही हात वर केले. "हरलो बाई. बोल, काय शिक्षा?"

"शिक्षा कसली, दादा? पेटी आज बसव. नात उठायच्या आत."