कंदुरीला गेलेली कवळी

"डॉक्टर, मटणाचा वास येतोय का बघा," म्हणत आप्पांनी कवळी माझ्या टेबलावर ठेवली. शेजारी माझा डबा उघडाच होता.

मी केजला दातांचा दवाखाना चालवतो. आप्पा युसूफ वडगावचे किराणा दुकानदार. त्यांच्या घरात अंडंसुद्धा शिजत नाही. मी वास घेतला. मटणाचा होता. वर तुळशीचाही होता.

"आप्पा, तुम्ही मटण खाल्लं?"

"शिव शिव. कवळीनं खाल्लं. मी न्हाई."

मग उलगडा झाला. मेंढरं राखणारे बिरूनाना म्हणजे आप्पांचे लहानपणापासूनचे दोस्त. त्यांच्याकडे कंदुरी होती. कंदुरी म्हणजे नवसाचं बकरं कापून गावजेवण.

"मी आपला नारळ द्यायला गेलतो. सारं गाव बोट्या तोडतंय अन् घरधनी, तोंडात दात न्हाई म्हणून, नुसता रस्सा पितोय. मला बघवंना. दिली काढून."

माझं डोकं फिरलं. "कवळी म्हणजे काय छत्री आहे का, कुणालाही द्यायला?" हिरड्यांचं माप घेऊन ती एकाच तोंडासाठी बनवतात. दुसऱ्याला बसत नाही, उलट हिरड्या सोलून काढते.

"बसलीच न्हाई. एका हातानं दाबून धरून खाल्लं त्यानं."

मी कवळी धुऊन आप्पांच्या तोंडात घातली, तर ती डुगडुगायला लागली.

"हिला काय केलंत?"

"शुद्ध केली. तुळस घालून उकळली चांगली. उद्या कपिलधारला जायचंय. बाटलेल्या तोंडानं देवाचं नाव कसं घेऊ?"

झालं कल्याण. कवळीचं ॲक्रिलिक उकळलं की वाकतं, आणि वाकलं की संपलं. नवी एका दिवसात होत नाही. म्हणजे आप्पा देवाकडे बोळकं घेऊन जाणार.

"दुसऱ्याच्या बोटीपायी स्वतःचे दात घालवलेत. काय मिळालं?"

आप्पा बोळकं पसरून हसले. "पहिली बोटी चावली अन् त्यानं डोळेच मिटून घेतले बघा. वास मला झेपंना, पण पोट माझंच भरलं. आता दोन करा. एक माझी, एक बिऱ्याची. बाहेर बसलाय. तुमाला भितोय."

नानांच्या हिरडीला मोठी जखम होती. औषध लावलं, दोघांनाही मनसोक्त झापलं, आणि जखम भरल्यावर माप घेतलं. आप्पा मात्र ठरल्याप्रमाणे कपिलधारला जाऊन आले. "चाललं देवाला," म्हणाले.

दोन्ही कवळ्या एकाच दिवशी लॅबमधून आल्या. खुर्चीत बसलेले आप्पा उठले. "आधी त्याची बसवा."

बसवली. मी काही सांगायच्या आत नानांनी खिशातून फुटाणे काढले आणि कडाकडा फोडले. तोंडात एकही दात नसलेले आप्पा सगळ्यात मोठ्यानं हसले. मला इतका आनंद झाला की ओरडायचंच राहून गेलं. डिग्री मिळाली तेव्हाही एवढा झाला नव्हता.

तेव्हापासून प्रत्येक पेशंटला मी दोन सूचना देतो. कवळी कुणाला देऊ नका. आणि दिलीच, तर उकळू नका.