रामधनीचे दांडगे रोहू

पगारवाढ वर्षातून एकदा, किस्से मात्र रोज. त्यातून आमचं काम काशीत गंगेतले मासे मोजण्याचं! किती लांबीच्या आतला मासा धरायचा नाही, किती महिने जाळी बंद ठेवायची, ही मर्यादा आम्ही ठरवायची.

*

आमचं घर दूधविनायकला, काशीतल्या मराठी मोहल्ल्यात, पाच पिढ्यांचं, कांदासुद्धा बेतानंच. मुलगा माशांची पोटं फाडतो हे आई कुणाला कसं सांगणार? तिनं गल्लीत सांगून टाकलं, मुलगा पाण्याच्या खात्यात आहे. परवापर्यंत लोक मला विचारायचे, नळाला पाणी का नाही. मी आपला 'बघतो' म्हणायचो.

*

आमच्या साहेब सेन मॅडम, बंगाली. भोसले घाटावर मासेमारी करणाऱ्या मल्लाहांना समजावत होत्या, की माशानं एकदा तरी अंडी घातल्याशिवाय त्याला धरू नका. कुणाच्या डोक्यात शिरेना. शेजारी छत्रीखाली बसलेले गुरुजी गंध उगाळता उगाळता म्हणाले, "संतान हुए बिना मुक्ति नहीं. सीधी बात है."

सगळ्यांना एका फटक्यात पटलं! मॅडम हल्ली प्रत्येक सभेत तेच वाक्य टाकतात.

*

मॅडमच्या यजमानांनी एकदा बाजारातून रोहू आणला. मॅडमनी पर्समधून पट्टी काढली. मासा बोटभर कमी भरला. तासभर बिचाऱ्यांची हजेरी घेतली, मग तळून खाल्ला. मी विचारलं तर म्हणाल्या, "फेंकना भी तो पाप है."

*

आता रामधनीचं. साठीचा मल्लाह. दर सोमवारी सकाळी शिंदे घाटावर नदीतले मासे मोजायला आणून द्यायचा. नुसते दांडगे रोहू! वर्षभर आकडे इतके छान आले की अहवालाचा मसुदाही तयार झाला: मासे भरपूर, बंदीची गरज नाही. तो मसुदा वरच्या ऑफिसात गेला असता तर जाळी बारा महिने चालली असती आणि उरलेसुरले मासेही संपले असते.

आम्ही पोटात फक्त अंडी बघायचो. त्या सोमवारी मॅडमनी माशानं खाल्लेलंही तपासलं, तर भाताचा कोंडा निघाला. कोंडा घालतात तळ्यात पाळलेल्या माशांना! रामधनीला विचारलं, तर त्यानं लगेच कबूल केलं. मासे मंडईतले, आंध्रातून बर्फात आलेले. पदरमोड करून आणत होता. नदीतले दाखव म्हटल्यावर त्यानं होडीतली टोपली आणली. तळाशी बोटाएवढे चार-पाच मासे.

माझं तर डोकंच फिरलं. वर्षाची मेहनत मातीत! मॅडम मात्र शांतपणे म्हणाल्या, "बंदी न लगे, इसीलिए किया ना?"

रामधनी नाही म्हणाला. टोपलीवर ओला गमछा टाकून हात जोडले त्यानं.

"बंदी त कल्हिए लगा दीजिए, मैडम. बस कागज में ई मत लिखिए कि गंगा मइया की गोद सूनी हो गई."