एकशे अठरा नंबरचा खांब

कुणाला रस्ता विचारायचा म्हटलं की वायरमनच्या कपाळाला आठ्या पडायच्या. चौतीस वर्षं त्याने वीज खात्यात काढली आणि एक नियम कधी मोडला नाही. बिघाड कुठे आहे, ते गिऱ्हाइकाला विचारायचं नाही. गिऱ्हाईक छातीठोकपणे भलत्याच खांबाकडे बोट दाखवतं. आपण डीपीच्या पेटीपासून एकेक खांब तपासत निघावं, बिघाड जातो कुठे! निवृत्त झाला तरी खोड गेली नव्हती. बायको म्हणायची, "हे माणूस भाजीत मीठ आहे का तेसुद्धा विचारणार नाही."

आज मात्र गाठ मोठ्या शहराशी होती. थोरल्या बहिणीच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं. तिचा एक डोळा केव्हाच गेलेला, दुसऱ्यावर आता पडदा आलेला. नवरा नाही, मूलबाळ नाही. बाराच्या आत जवळच्या नातेवाइकाने सही केली नाही, तर पुढची तारीख तीन महिन्यांनी. तोवर उरलेला डोळा वाट बघेल, याची खात्री डॉक्टर देत नव्हते.

"मी स्टँडवर येते न्यायला," ती फोनवर म्हणाली होती.

"तू? मग मलाच तुला शोधत फिरावं लागेल. तुझ्या नव्या खोलीसमोर दिव्याचा खांब असेल ना? त्याचा नंबर सांग."

ती बिचारी खांबाला नाक लावून परत आली. "एकशे अठरा. आणि बाळ, त्याला वरती..."

"बस झालं. नंबर मिळाला, काम झालं."

पत्ता खिशात होता, पण पत्ता म्हणजे चार जणांना विचारणं आलं. दहा वाजता तो स्टँडबाहेर पडला तेव्हा समोरच्या खांबावर एकतीस होता. स्वारी खूश झाली. पिशवी खांद्याला लावून तो निघाला. बत्तीस, तेहतीस. रिक्षावाले हाका मारत होते, त्यांच्याकडे त्याने ढुंकूनही पाहिलं नाही. चौऱ्याहत्तरला मोठा चौक लागला. समोरच्या रस्त्यावर पंचाहत्तर दिसला, तसा तो सरळ पुढे गेला.

एकशे अठरा सापडला. त्याच्यासमोर टायरचं दुकान होतं. खोली नाही, ताई नाही.

तो तडक चौकात परतला आणि मग त्याने नीट पाहिलं. चौकातून पुढे पाच रस्ते फुटत होते आणि प्रत्येकावर पंचाहत्तर नंबरचा खांब उभा होता. घड्याळात सव्वाअकरा. पायाचे तुकडे पडले होते, पण ताईला तीन महिने अंधारात बसवायचं नाही, एवढं एकच डोक्यात होतं.

कोपऱ्यावर शिडीवर चढून एक मुलगी दिवा बदलत होती. वायरमन शिडीखाली उभा राहिला, दोनदा खाकरला आणि शेवटी विचारलंच.

"काका, नंबर सगळीकडे तेच असतात," ती वरून म्हणाली. "रस्ता पट्ट्याच्या रंगावरून ओळखायचा. वरती पट्टा असतो बघा. तुमचा कोणता?"

आपल्याच धंद्यात आपलं नाक कापलं गेलं. त्याने फोन काढला.

"ताई, मी चुकलो. तू त्या दिवशी वरती काय म्हणत होतीस?"

"निळा पट्टा," ती म्हणाली. "साठ वर्षांत पहिल्यांदा माझं वाक्य पुरं करू दिलंस."

तो निळ्या पट्ट्यांमागे जवळजवळ धावतच सुटला. ताई एका हाताने खांब धरून उभी होती, दुसऱ्या हातात फाइल. हॉस्पिटल दोन गल्ल्यांवर होतं. बाराला सहा मिनिटं कमी असताना सही झाली. वायरमनने घाम पुसला.

आता बोलावणं येईपर्यंत बाकावर बसायचं होतं. "घाबरायचं काही कारण नाही," हे वाक्य त्याच्या ओठांवर आलं होतं. ते त्याने गिळलं.

"ताई, भीती वाटतेय का?"

"खूप," ती म्हणाली. "तुझे भावजी गेले तेव्हाही वाटली होती. तू आलास, जुन्या खोलीत सामान हलवलंस, दिवे जोडून दिलेस. विचारलं मात्र नाहीस."

वायरमनने तिचा हात हातात घेतला.

"आता सांग," तो म्हणाला, आणि ती बोलायची थांबेपर्यंत त्याने तोंड उघडलं नाही.