मेन कोणी बंद केला?

आमच्याकडे घराबाहेर पडणं हा एक स्वतंत्र कार्यक्रम असतो. आधी गॅसचा रेग्युलेटर, मग स्वयंपाकघरातले आणि बाथरूममधले नळ, मग गॅलरीच्या दाराची कडी, आणि सगळ्यात शेवटी मेन स्विच. कोथरूडला राहायला आल्यापासून हे खातं ह्यांच्याकडे आहे. हे पिंपरीच्या एका कारखान्यात इलेक्ट्रिकल मेंटेनन्सला होते. चालू मेन मागे ठेवून दिवसभरासाठी घर सोडणं त्यांना दार उघडं टाकून जाण्यासारखं वाटतं. मुलगी लहान असताना कुठे जायचं म्हटलं की मला आदल्या दिवसापासून फ्रिज रिकामा करावा लागायचा. कुलूप लावलं की ते ओढून बघायचं, लिफ्टपर्यंत जायचं, आणि एकदा परत येऊन पुन्हा ओढायचं. शेजारचे विचारायचे, ‘काय, बँक बंद करून निघालात वाटतं?’

गेल्या वर्षापासून हे लिफ्टपासून दोनदा परत यायला लागले. दुसऱ्यांदा येताना, आपण आत्ताच येऊन गेलो, हे त्यांच्या गावीही नसायचं. मी आधी चेष्टा केली. मग एकदा हे स्कूटरवरून बिबवेवाडीला बहिणीकडे गेले आणि रिक्षाने घरी आले. दुसऱ्या दिवशी सकाळी, पार्किंगमधून स्कूटर चोरीला गेली म्हणून वॉचमनला चांगलं फैलावर घेतलं. मी काही न बोलता बसने बिबवेवाडी गाठली, नणंदेच्या फाटकाशी उभी असलेली स्कूटर चालवत घरी आणली, आणि ‘पलीकडच्या कोपऱ्यात तर होती’ असं सांगून मोकळी झाले. वॉचमन माझ्याकडे बघत राहिला. चेष्टा करणं मी त्या दिवसापासून सोडलं.

मुलीला यातलं काहीच सांगितलं नव्हतं. ती आणि जावई जर्मनीत असतात. ती हुशार आहे, कामाला वाघ आहे, आणि तिच्या हाती एखादा प्रश्न लागला की ती तो सोडवल्याशिवाय राहत नाही. मला भीती तीच होती. एकदा तिने बापाकडे प्रश्न म्हणून पाहिलं की स्कूटर जाणार, बँकेचं कार्ड जाणार, दिवसभराचं माणूस घरात येणार. हे सगळं कधीतरी होणार हे मला कळत होतं. पण ते ‘कधीतरी’ मला जमेल तितकं लांब ढकलायचं होतं.

आणि नेमकं तेव्हाच तिने यॉटचं काढलं. जावई अमरावतीचा, समुद्राशी सात पिढ्यांचा संबंध नाही, पण तिकडे जाऊन त्याने बोट चालवण्याचं रीतसर लायसन्स काढलं होतं. ग्रीसच्या पश्चिमेला लहान लहान बेटं आहेत. तिथे एक मोटरयॉट भाड्याने घ्यायची, आठवडाभर या बेटावरून त्या बेटावर जायचं, जिथे गर्दी नाही तिथे नांगर टाकून राहायचं, असा त्यांचा बेत होता. कप्तान जावई, खलाशी मुलगी आणि प्रवासी आम्ही दोघं. पाण्याचा माझा एकूण अनुभव म्हणजे खडकवासल्याला बसून कणीस खाणं. मी नाही म्हणणार होते. पण ह्यांनी जगाचा नकाशा आणून जेवणाच्या टेबलावर पसरला, आणि कितीतरी महिन्यांनी त्यांचा चेहरा कामावर निघालेल्या माणसासारखा झाला. माझ्याच्याने नाही म्हणवेना.

बोट बघून मला धडकीच भरली. पांढरीशुभ्र, देखणी, पण आतली सगळी दारं एकसारखी. केबिनचं दार, संडासाचं दार, कपाटाचं दार, सगळं त्याच गुळगुळीत लाकडाचं. पहिल्याच सकाळी हे कपाट उघडून उभे होते. मी संडासाच्या मुठीला माझी निळी ओढणी बांधली. मुलीने विचारलं, “आई, ही इथे कशाला?” मी म्हटलं, “वाळायला.” ती ओढणी आठवडाभर वाळत राहिली.

निघण्याआधी जावयाने आम्हाला सगळं समजावून सांगितलं होतं. लाइफ जॅकेट कुठे, आग विझवायचं नळकांडं कुठे. मग जिन्याशेजारचा एक मोठा लाल खटका दाखवून म्हणाला, “बाबा, इंजिनाखाली थोडंथोडं पाणी येतच असते. पंप ते आपोआप बाहेर फेकते. ह्या खटक्यावर तो पंप चालते. याले कोणीच हात नाही लावायचा, बरं का जी.” हे लक्ष देऊन ऐकत होते. वायरची जाडी किती, बॅटऱ्या किती, असे दोन-तीन प्रश्नही विचारले. जावई खूश झाला. मी मात्र ह्यांच्याकडे बघत होते, कारण बघताक्षणी त्यांनी त्या खटक्याला नाव दिलं होतं. “म्हणजे हा मेन,” ते म्हणाले.

प्रवासाचं वर्णन करायला मी नालायक आहे. मुलगी म्हणायची, “आई, पाणी बघ ना!” आणि मी ह्यांना बघायची. तरी काही गोष्टी लक्षात राहिल्यात. नांगर टाकला की साखळी खडखडत खाली जायची, आणि पाणी इतकं नितळ की तळाच्या वाळूवर ती कशी पडलीय ते वरून दिसायचं. मग मुलगी दोरीचं टोक घेऊन पोहत किनाऱ्यावर जायची आणि एखाद्या पाइनच्या झाडाला बांधून यायची, म्हणजे बोट फिरत नाही. इंजिन बंद झालं की इतकं शांत व्हायचं की डोंगरावरच्या शेळ्यांच्या घंटा ऐकू यायच्या. सगळ्यांना ती शांतता आवडायची. मला नाही आवडायची. इंजिन चालू असलं की ह्यांना आतच बसवून ठेवता यायचं. ते बंद झालं की हे कठड्यापाशी जाऊन उभे राहायचे, आणि मी हातातला चहा ठेवून मागोमाग. ह्यांना पोहता येत नाही असं नाही. पण पाण्यात पडल्यावर ते आठवेल का, हे मला सांगता येत नव्हतं.

एका दुपारी त्यांनी मला हळूच विचारलं, “आपण उतरायचं कुठल्या स्टॉपला?” मी म्हटलं, “अजून वेळ आहे. मी सांगेन.” त्यांनी मान डोलावली.

चौथ्या की पाचव्या दिवशी आम्ही एका लहानशा खाडीत नांगर टाकला. त्या बेटावर एकच गाव होतं, टेकडीवर. सकाळीच रबरी होडीतून किनाऱ्यावर जायचं, दिवसभर गावात भटकायचं, तिथेच जेवायचं असं ठरलं. निघायच्या गडबडीत मी होडीत आधी उतरले, कारण उतरताना दोघांना मला धरावं लागायचं. हे शेवटी आले. येताना त्यांनी बोटीचं दार लावून दोनदा ओढून पाहिलं. मुलगी हसली. “बाबा, इथे चोर पोहत येणारेत का?” मीही हसले. तेव्हाच माझ्या डोक्यात प्रकाश पडायला हवा होता, पण टोपी, चष्मा, गोळ्यांचा डबा घेतला की नाही, यातच मी अडकले होते.

दिवस छान गेला. हे गावच्या पारावर म्हाताऱ्यांच्या शेजारी जाऊन बसले, भाषा कोणाची कोणाला येत नव्हती, तरी तासभर गप्पा झाल्या. किती महिन्यांनी मी निवांत जेवले. ऊन उतरायला लागल्यावर आम्ही परतलो. जावयाने दार उघडलं आणि तो जिन्यावरच थबकला.

खाली पाणी होतं. केबिनमधल्या लाकडी जमिनीवर पाणी आलं होतं, पायपुसणं भिजून फुगलं होतं, आणि माझी घरात घालायची स्लीपर तरंगत होती. इंजिनापासून पाण्यातल्या पंख्याकडे दांडा जिथून बाहेर जातो तिथून त्या दिवशी पाणी जास्तच येत होतं, आणि पंप बंद होता. जावयाने पाण्यात उतरून आधी लाल खटका फिरवला. पंपाचा आवाज सुरू झाला, बोटीच्या कुशीतून पाण्याची धार बाहेर पडायला लागली. मग पाना घेऊन तो कितीतरी वेळ इंजिनाखाली ओणवा होता. वर आला तेव्हा त्याचा चेहरा उतरला होता. “अंधार पडेतोवर थांबलो असतो तं इंजिन बुडलं असतं,” तो म्हणाला. “खटका बंद होता. कोणी केला?”

मुलीने सरळ बापाकडे पाहिलं. ती आमच्याच घरात वाढली आहे. रिकामा फ्रिज आणि बंद मेन तिला पाठ आहे.

“मी नाही,” हे म्हणाले. ते खोटं बोलत नव्हते. खोटं बोलताना ते डोळे मिटतात, लग्नापासून बघतेय मी. आता त्यांचे डोळे सताड उघडे होते, आणि त्यांना खरंच काही माहीत नव्हतं. मुलगी बघतच होती. तिच्या कपाळावर एक बारीक आठी यायला लागली. ती राग आल्याची नव्हती, हिशोब जुळवत असल्याची होती. ती आठी पुरी पडू द्यायची नव्हती मला.

“मी केला,” मी म्हटलं.

“आई! तू?”

“निघताना बंद करायचा असतो ना. सवयीने हात गेला.”

“अगं, पण त्याने सांगितलं होतं! सगळे बुडालो असतो!” ती माझ्यावर जी बरसली ती मी मुकाट्याने ऐकून घेतली. ती गप्प झाल्यावर ह्यांनी सुरू केलं. “हे बघ, घर सोडताना मेन बंद करायचा, हे बरोबर. पण ज्यातलं आपल्याला कळत नाही त्याला हात लावू नये. विचारावं. मी होतो ना इथे.” अगदी शांतपणे, समजावणीच्या सुरात. कारखान्यातल्या नव्या पोरांना हे असंच समजावत असणार. मी म्हटलं, “चुकलं माझं.” आणि मला रडू फुटलं. सगळ्यांना वाटलं ओरडा बसला म्हणून.

उरलेले दिवस माझ्यावर पहारा होता. मुलीने मला कुठल्याही बटणाला हात लावायची बंदी केली. जावयाने बिचाऱ्याने, मला वाईट वाटू नये म्हणून, साखळीकडे लक्ष ठेवायचं काम दिलं. “आई, टेन्शन नका घेऊ, होऊन जाते असं.” आणि हे तर माझा पदर सोडेनात. मी जिना उतरले की मागे, मी कठड्याशी गेले की दंडाला धरायला हजर. मला ते बरंच होतं. ते माझ्यावर नजर ठेवून होते तोवर माझ्या नजरेसमोर होते.

पुण्याला परतून महिना झाला असेल. एका सकाळी मुलीचा फोन आला. आवाज नेहमीपेक्षा मऊ होता. “आई, तुला राग येणार नसेल तर एक विचारू? बाबांनी मला काल गुपचूप फोन केला होता. म्हणाले, आईचं हल्ली विसरायला होतं. बोटीवर मेन बंद करून विसरली. घरातपण स्कूटर कुठेतरी ठेवते आणि मग शोधत बसते. रडत होते गं ते.”

मी स्वयंपाकघरात उभी होते. बाहेर हे गॅलरीतल्या झाडांना दुसऱ्यांदा पाणी घालत होते. तेव्हा मात्र माझा धीर सुटला, आणि मी तिला सगळं सांगितलं. स्कूटर, बस, निळी ओढणी, सगळं.

“डॉक्टर?” तिने विचारलं.

“नावच काढू देत नाहीत. मला काय येरवड्याच्या वेड्यांच्या इस्पितळात पोचवायचंय का, म्हणतात.”

“मग?”

“माझ्या नावाने येतील,” मी म्हटलं.

आले. दुसऱ्याच आठवड्यात मी माझ्या नावाने अपॉइंटमेंट घेतली, डॉक्टरांना आधी फोनवर सगळी कल्पना दिली. हे सकाळपासून तयार होते. इस्त्रीचा शर्ट, माझे जुने रिपोर्ट पिशवीत, पाण्याची बाटली. मला चप्पल घालताना आधार दिला. “घाबरू नकोस,” म्हणाले, “मी आत येणार आहे तुझ्याबरोबर.” मग गॅस पाहिला, नळ पाहिले, माझ्यादेखत मेन स्विच खाली ओढला, कुलूप लावलं, ओढून पाहिलं.

लिफ्टपाशी ते थांबले. माझ्या चेहऱ्याकडे जरा काळजीने पाहिलं.

“मेन बंद केलास का?”

“केला,” मी म्हटलं.

त्यांचा चेहरा उजळला. “बघ,” माझ्या पाठीवर हात ठेवून ते म्हणाले, “आठवतंय की तुला.”