गॉर्सच्या झुडपापाशी

एप्रिल लागला की मला घरात चैन पडत नाही. लंडनच्या पिनर भागातल्या आमच्या गार्डनमध्ये पहिलं पिवळं फुलपाखरू दिसलं, की सुट्टीच्या दिवशी गाडी काढायची आणि फुलपाखरं शोधत हिंडायचं, हा माझा छंद. नवऱ्याला त्यात रस नाही. त्या वर्षी सासूबाई पुण्याहून राहायला आल्या होत्या आणि आमचं दोघींचं काही सूत जुळत नव्हतं. भांडण असं नव्हतं. फोडणीनं स्मोक अलार्म वाजायचा, रिसायकलिंगच्या बिनमध्ये भाजीची सालं पडायची. मी काही सांगितलं की त्या गप्प बसायच्या. नवऱ्याला रविवारचं काम निघालं, म्हणून त्यांना बरोबर घेतलं.

लंडनबाहेर, सरे परगण्यातल्या एका माळावर गेलो. ऊन कोवळं होतं. गॉर्स, म्हणजे पिवळ्या फुलांची काटेरी झुडपं, सगळीकडे फुलली होती. त्यावर नखाएवढं हिरवं फुलपाखरू बसतं, पानात पान होऊन जातं, असं मी त्यांना सांगितलं. मी दुसरीकडे शोधत होते, तेवढ्यात त्यांनी हळूच हाक मारली. त्यांना ते दिसलं होतं. फोन काढून त्या झुडपाकडे वाकल्या.

मी वळले आणि मला साप दिसला. अ‍ॅडर. पाठीवर काळी नागमोडी नक्षी. त्यांच्या चपलेपासून वीतभर अंतरावर ऊन खात पडला होता. बूट घाला म्हटलं होतं, पण त्यांनी मोज्यांवर चपलाच घातल्या होत्या.

"आई, हलू नका," मी म्हणाले.

त्या वाकलेल्या तशाच थांबल्या.

"तुमच्या डाव्या पायाजवळ साप आहे."

त्यांनी खाली पाहिलं नाही. तशाच वाकून विचारलं, "विषारी?"

खोटं बोलावंसं वाटलं. "हो," मी म्हणाले.

सापानं डोकं उचललं. त्यांचा डावा गुडघा अधू. तो थरथरायला लागला तसा त्यांनी तोल सावरायला गॉर्सची फांदीच धरली. काटे रुतत असणार, पण तोंडातून आवाज नाही. मला पुढे जाता येईना, मागे सरता येईना. माझा फोन हातात होता, पण सिग्नल नव्हता. मी नुसती सांगत राहिले, अजून तिथेच आहे, डोकं खाली घेतलंय, आता वळतोय. साप सावकाश, अगदी सावकाश, झुडपाखाली शिरला. शेपूट दिसेनासं झाल्यावरच मी त्यांना दंडाला धरून मागे ओढलं.

गाडीत बसून मी त्यांच्या तळहातातले काटे सेफ्टी पिननं काढत होते. पिन घसरत होती, म्हणून त्यांनी माझं मनगट धरून ठेवलं. त्या कशा इतक्या शांत राहिल्या, असं मी विचारलं.

"हलू नका म्हणालीस ना, तेव्हा मला वाटलं, माझंच परत काहीतरी चुकलं," त्या म्हणाल्या. "साप म्हटल्यावर बरंच वाटलं."

पुढचा काटा खोल होता. तो निघेपर्यंत आम्ही दोघी तशाच, डोकी जवळ आणून, वाकून बसलो.