रविवारचा मुहूर्त

शनिवार-रविवारी आमच्या तापीकाठच्या गाडीला तिकीट काढणारा माणूस वेडा समजला जाई. तपासनीस शनिवारी दुपारीच सुरतेकडे घरी निघून जाई, आणि फाटकावर उभा राहणारा माणूस गावातलाच. त्याच्या पिशवीत ओल्या मिरच्या नाहीतर हरभऱ्याचे डहाळे टाकले की तो तोंड फिरवून बिडी पेटवी. वर बोलणं काय, तर गाडी गोऱ्यांची, तिला बुडवली तर पुण्यच. हीच माणसं मामलेदाराच्या शिपायापुढे पागोटं काढून उभी राहत. मला या देशभक्तीची तेव्हाही किळस होती, आजही आहे.

माझ्या सासरची माणसं धानोऱ्याची, जमीनजुमलावाली. दारात बैलजोड्या, मळ्यात पाणी, कशाची ददात नाही. माझे वडील नवापूरला शाळामास्तर. लग्न ठरलं तेव्हा भटजींनी पंचांग पाहून तीन मुहूर्त काढले. पहिला सगळ्यांत चांगला, असं ते स्वतःच म्हणाले. सासऱ्यांनी तिसरा धरला, कारण तो रविवारी येत होता. वऱ्हाडानं नंदुरबारला गाडीत बसून नवापूरला यायचं आणि त्याच दिवशी संध्याकाळच्या गाडीने नवरी घेऊन परतायचं. रविवार असला की सगळे फुकट. तिकडे ही रीतच पडली होती. आसपासच्या गावांतली बरीचशी लग्नं रविवारी लागत आणि भटजी बिचारे ग्रह त्याप्रमाणे जुळवून देत. माझ्या लग्नाची वेळ ठरली ती अशी, तपासनिसाच्या सुट्टीवरून.

लग्न लागलं. निघताना वडिलांनी माझ्यापुरतं एक तिकीट काढून हातात दिलं. सासऱ्यांनी ते पाहिलं आणि चारचौघांत हसून म्हणाले, की मास्तरांचा आमच्यावर भरवसा दिसत नाही. वडिलांनी हात जोडले. मुलीचे बाप होते ते. मी पदराआड दातओठ खात बसले.

आमच्याकडे नवरीचा पदर नवऱ्याच्या उपरण्याला बांधतात, आणि घरी जाऊन कुळदेवतेच्या पाया पडेपर्यंत ती गाठ सोडत नाहीत. वाटेत सुटली तर अपशकुन. तसेच बांधलेले आम्ही दोघं बाकावर बसलो होतो. आमच्या पिढीच्या बायका नवऱ्याला 'ते' म्हणतात. मीही जन्मभर म्हटलं. या एका दिवसापुरतं मात्र मी 'तो'च म्हणणार आहे.

नंदुरबार आलं. गाडी थांबता थांबता बातमी पसरली, की फाटकावर नवा तपासनीस उभा आहे आणि त्याच्याबरोबर पोलीस आहेत. डब्यात एकच पळापळ झाली. फलाटाच्या उलट्या बाजूचं दार उघडून सासरे उतरले. रुखवताची पितळी भांडी हातोहात खाली गेली, एक तांब्यासुद्धा मागे राहिला नाही. नवरीचं काय करायचं, असं कोणीतरी विचारलं.

"तिनाजोडे तिकीट शे, ऱ्हाऊ द्या तिले," सासूबाई म्हणाल्या आणि त्याही उतरल्या.

तो उठला तशी मी ओढली गेले. मला वाटलं, हा तरी थांबेल. तो गाठ सोडायला लागला. ती सुटेना, तर दातांनी ओढून पाहिली. मग खांद्यावरचं उपरणंच काढून माझ्या अंगावर टाकलं आणि उडी मारली. माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

तपासनीस डब्यात चढला. रिकाम्या डब्यात मुंडावळ्या बांधलेली एक मुलगी, आणि तिच्या पदराला लोंबणारं पुरुषाचं उपरणं. त्यानं तिकीट पाहिलं, उपरणं पाहिलं, आणि सोबत कोण आहे म्हणून विचारलं. पलीकडच्या रुळांवर मालगाडीचे डबे उभे होते. त्यांच्या चाकांमधून मला माझ्या माणसांचे पाय दिसत होते. सासऱ्यांचे कोरे जोडे, माझ्याच वडिलांनी मानपानात दिलेले. नुसतं बोट दाखवलं असतं तर सगळं वऱ्हाड चौकीत जाऊन बसलं असतं. आणि मी माहेरी. टाकलेली मुलगी म्हणून वडिलांच्या गळ्यात, आणि धाकट्या बहिणीकडे कुणी स्थळ घेऊन फिरकलं नसतं. बोट उचलायची फार इच्छा झाली, खोटं कशाला बोलू.

"माझ्यासोबत कोणी नाही," मी म्हणाले.

तपासनीस भला माणूस असावा. पुढे काही न विचारता त्यानं मला फाटकाबाहेर पोचवलं आणि धानोऱ्याच्या बैलगाड्या कुठे उभ्या आहेत ते दाखवलं.

थोड्या वेळानं रूळ ओलांडून, बाभळींतून वाट काढत वऱ्हाड आलं. हसत, खिदळत. धोतरांना कुसळं लागलेली. तो माझ्याजवळ आला, धुळीत लोळणारं उपरण्याचं टोक उचललं, झटकलं आणि खांद्यावर टाकलं.

"तू त्याले काय सांगं?" माझ्याशी बोललेलं त्याचं पहिलं वाक्य.

"मन्हासंगे कोनी नही, आसं सांगं."

तो बेहद्द खूश झाला. धानोरा येईपर्यंत प्रत्येक गाडीवाल्याला ओरडून सांगत होता, की नवरीनं काय बेमालूम थाप मारली. सासऱ्यांनी तोंड भरून कौतुक केलं. मास्तरांची पोर घराला शोभेल म्हणाले. पुढे कित्येक वर्षं आल्यागेल्या पाहुण्याला हा किस्सा चवीनं ऐकवला जाई, आणि सांगणारा तोच असे. मी तपासनिसाला खरं तेच सांगितलं होतं, हे त्याच्या कधीच ध्यानात आलं नाही.